डिसेंबर १९४८ ते एप्रिल १९६२ : पॉली उम्रीगर, भाऊसाहेब निंबाळकर आणि क्रिकेटमधील विक्रमांचा इतिहास

प्रस्तावना :

मराठीत क्रीडाविषयक लेखन विपुल आहे. खेळाडूंची चरित्रे, सामन्यांची रसभरित वर्णने, आकडेवारीच्या पुस्तिका यांची वानवा नाही. क्रीडेचा इतिहास मात्र त्या मानाने फारच थोडा लिहिला गेला आहे. या लेखनात विक्रम हा बहुधा गृहीत धरलेला असतो. अमुक खेळाडूने तमुक धावा केल्या, त्या आजवरच्या सर्वाधिक ठरल्या, असे सांगून लेखक पुढे जातो. तो आकडा कोणत्या परिस्थितीत घडला, तो घडू देण्यात कोणाचा वाटा होता आणि ज्यांचा आकडा अपुरा राहिला त्यांचे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

अमेरिकन अभ्यासक ॲलन गुटमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रॉम रिच्युअल टू रेकॉर्ड’ या ग्रंथात मोजमाप आणि विक्रम ही आधुनिक क्रीडेची व्यवच्छेदक लक्षणे मानली आहेत. प्राचीन समाजांना विजेता ठाऊक होता, पण विक्रमवीर ठाऊक नव्हता, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. आज हयात नसलेल्या किंवा समोर उभ्याही न राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळाडूने स्पर्धा करावी, ही कल्पनाच मुळी नोंदवही ठेवणाऱ्या समाजाची आहे. त्यामुळे विक्रमाचा इतिहास हा जितका खेळाडूचा, तितकाच नोंदवहीचा आणि ती सांभाळणाऱ्या संस्थांचाही इतिहास ठरतो.

या दृष्टीने व्यावसायिक आइस हॉकीचे उदाहरण बोलके आहे. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या या खेळाची ‘नॅशनल हॉकी लीग’ ही संघटना १९१७ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे स्थापन झाली. गोल आणि गोलसाठी केलेले साहाय्य यांची बेरीज करून तेथे प्रत्येक खेळाडूचे गुण मोजले जातात. गॉर्डी हाव यांचा १८५० गुणांचा विक्रम वेन ग्रेट्झकी यांनी १५ ऑक्टोबर १९८९ रोजी एडमंटन येथे मोडला, तेव्हा चालू सामना थांबवून मैदानावर सत्कार समारंभ करण्यात आला. सामना संपण्यास एक मिनिटही उरले नव्हते आणि बरोबरी झाली होती. तरीही खेळ थांबला. समारंभानंतर तो पुन्हा सुरू झाला आणि जादा वेळेत ग्रेट्झकी यांनीच विजयी गोल केला. त्यांचा ८९४ गोलांचा विक्रम ६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेच्किन यांनी मागे टाकला, तेव्हाही खेळ थांबवून गौरव झाला. व्यावसायिक संघटनेच्या दृष्टीने विक्रम ही तिची मालमत्ता असते. ती त्याची वाट पाहते, तो घडावा म्हणून दिवस मोजते आणि घडल्यावर प्रतिस्पर्धी संघालाही त्या आनंदात सहभागी करून घेते.

विक्रमासाठी सामना थांबवण्याची ही रीत आहे. तर विक्रम जवळ आला असताना सामनाच संपवण्याचा प्रकार पुण्यात घडला होता. ती घटना डिसेंबर १९४८ ची. त्याच महिन्यात सोलापूरशी नाते असलेल्या एका तरुण फलंदाजाने मुंबईत आपली पहिली कसोटी खेळली. भाऊसाहेब निंबाळकर आणि पॉली उम्रीगर या दोघांच्या वाटा तेथून कशा वेगळ्या झाल्या, याचा मागोवा घेतल्यास विक्रम म्हणजे काय याविषयी काही निश्चित बोलता येते.

पूर्वपीठिका : सांगलीचा फलंदाज आणि पुण्याची मैदाने

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ भारतीय क्रिकेटमधील खरी गर्दी मुंबईच्या चौरंगी आणि पुढे पंचरंगी झालेल्या सामन्यांना होत असे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशी ही धर्मनिहाय विभागणी होती. तिच्यावर टीका झाली, गांधीजींनीही नापसंती दर्शवली आणि १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. परंतु भारतीय विक्रमांची पहिली पिढी याच मैदानांवर घडली, हे नाकारता येत नाही.

त्या पिढीतील सर्वांत ठळक नाव सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांचे. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे पहिले त्रिशतक होय. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ संघाचा दुसरा डाव ३८७ धावांत आटोपला आणि त्यांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. त्यांचा संघ एक डाव राखून पराभूत झाला. धावसंख्येच्या कोष्टकात ३०९ हा आकडा एकटा दिसतो. त्या २१ धावा करीत दुसरे टोक तासन्‌तास सांभाळणारा भाऊ कोष्टकात शोधूनही सापडत नाही. विक्रम एकट्याच्या नावावर लिहिला जातो, पण तो एकट्याने होत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पुण्याच्या खेळपट्ट्या त्या काळी फलंदाजांना अनुकूल होत्या. १९४८-४९ च्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. एकूण २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील एका सामन्यातील सर्वाधिक धावांचा हा जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. दुसऱ्या डावात सहाशेचा टप्पा ओलांडूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! या सामन्याची आठवण महाराष्ट्रात फारशी काढली जात नाही. हरलेल्या सामन्यातील विक्रम अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे पद्धत नसावी.

पुणे, डिसेंबर १९४८

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध रणजी सामन्यात ते महाराष्ट्राकडून खेळले. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला होता. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ अशी मजल मारली. निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले. निंबाळकर ४९४ मिनिटांत ४९ चौकार आणि एका षटकारासह ४४३ धावांवर नाबाद होते.

त्या वेळी प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ४५२ होती. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये सिडनी येथे न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध ती नाबाद राहून केली होती. बरोबरीसाठी नऊ आणि विक्रमासाठी दहा धावा हव्या होत्या. खेळातील विश्रांतीच्या वेळी काठियावाडचा संघ पुढे खेळण्यास राजी झाला नाही. राजकोटचे ठाकोरसाहेब त्या संघाचे कर्णधार होते. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांना मानहानीचे वाटले, असे या घटनेचे कारण सर्वत्र सांगितले जाते. काठियावाडने सामना सोडून दिला आणि निंबाळकरांचा डाव तेथेच थांबला.

या प्रसंगाची चर्चा बहुधा खिलाडूवृत्तीच्या अंगाने केली जाते आणि ठाकोरसाहेबांना दोष देऊन ती संपते. इतिहासाच्या दृष्टीने एवढे पुरेसे नाही. पहिल्या डावातील आघाडीचा प्रश्न केव्हाच मिटला होता; पुढील खेळाला निकालाच्या दृष्टीने फारसा अर्थ उरला नव्हता. म्हणजे उरलेला खेळ केवळ एका आकड्यासाठी खेळला जाणार होता. एका संघाला तो आकडा हवा होता, तर दुसऱ्याला तो नको होता. आणि दुसऱ्या संघाला खेळत राहण्यास भाग पाडील, किंवा निदान तशी विनंती अधिकाराने करील, अशी तटस्थ यंत्रणा मैदानावर नव्हती. संस्थानी काळ नुकताच मावळत होता. काठियावाडातील संस्थानांचे विलीनीकरण त्याच वर्षी झाले होते. पण संघाचे कर्णधारपद आणि सामना चालू ठेवण्याचा अधिकार अजून राजघराण्याकडे होता. एडमंटनमध्ये ज्या अर्थाने विक्रम हा संघटनेचा होता, त्या अर्थाने पुण्यातील विक्रम कोणाचाच नव्हता. तो फक्त फलंदाजाचा होता, आणि फलंदाजाच्या हाती सामना नव्हता.

ब्रॅडमन यांचा आकडा पुढे कराचीत मागे पडला. जानेवारी १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद ४९९ धावांवर धावबाद झाले. ते ४९८ वर असताना धावफलकावर ४९६ हा आकडा दिसत होता आणि दिवसाचे शेवटचे चेंडू उरल्याने ते घाईने दुसरी धाव घेण्यास निघाले. नोंदवही विक्रम घडवते तशी, एका चुकीच्या पाटीच्या रूपाने, तो हिरावूनही घेऊ शकते. जून १९९४ मध्ये इंग्लंडमधील एजबॅस्टन येथे ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ धावा केल्या. एक दिवस पावसाने वाया गेला होता, दोन्ही संघांनी निकालाचा आग्रह सोडला होता आणि फलंदाजाला खेळत राहण्याची मोकळीक मिळाली होती. ४४३, ४९९ आणि ५०१ या तीन डावांत कौशल्याचा फरक किती आणि परिस्थितीचा किती, हे सांगण्यासाठी कोणतेही कोष्टक उपयोगी पडत नाही.

निंबाळकरांची ती खेळी आजही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी आहे आणि जागतिक यादीत ती चौथ्या क्रमांकावर आहे. प्रथम श्रेणीत जवळपास ४८ च्या सरासरीने त्यांनी ४८४१ धावा केल्या. अधिकृत कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला एकही आला नाही. चारशेहून अधिक धावांची खेळी करूनही कसोटीपासून वंचित राहिलेला दुसरा भारतीय फलंदाज नाही. कारण चारशेचा टप्पा ओलांडणारा दुसरा भारतीय फलंदाजच अद्याप झालेला नाही.

सोलापूर, मुंबई आणि उम्रीगर

पाहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा. त्यांच्या वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता आणि उम्रीगर यांचे बालपण सोलापुरात गेले. शालेय वयातच कुटुंब मुंबईला स्थलांतरित झाले. सोलापूर तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते. १८७७ च्या सुमारास उभी राहिलेली ‘जुनी गिरणी’ आणि तिच्या मागोमाग आलेल्या इतर गिरण्या व हातमाग यांमुळे कापडाशी संबंधित नाना प्रांतांचे व्यापारी येथे स्थिरावले होते. उम्रीगर चार वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, या शहराने इंग्रजांचा लष्करी कायदा अनुभवला. या काळातील सोलापूरचा इतिहास लिहिताना स्वातंत्र्यलढा आणि गिरणी कामगार यांवर योग्य भर दिला जातो. व्यापारानिमित्त येथे राहिलेल्या आणि निघून गेलेल्या लहान समाजांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

मुंबईत सेंट झेविअर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व त्यांनी केले. वयाच्या अठराव्या वर्षी, १९४४ मध्ये, पारशी संघाकडून पंचरंगी स्पर्धेत त्यांनी प्रथम श्रेणीत पदार्पण केले. ऑक्टोबर १९४८ मध्ये दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिज संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या. काही आठवड्यांतच, ९ डिसेंबर १९४८ रोजी, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी कसोटीत पदार्पण केले. विद्यापीठ, मुंबई आणि परदेशी संघाविरुद्धची एक शतकी खेळी, हा कसोटीकडे जाणारा सरळ मार्ग होता. पुण्यात त्याच महिन्यात ४४३ धावा करणाऱ्या निंबाळकरांच्या मार्गावर परदेशी संघ नव्हता. विक्रम कोणाविरुद्ध आणि कोणासमोर झाला, याला निवडीच्या बाजारात वेगळे मोल होते.

संधीचा हिशेब येथेच मांडणे उचित ठरेल. १९४८-४९ ची मालिका संपल्यावर नोव्हेंबर १९५१ पर्यंत भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. १९५६ च्या नोव्हेंबरनंतर पुन्हा तब्बल दोन वर्षे कसोटी नव्हती. उम्रीगर यांची पहिली कसोटी ही भारताची सतरावी आणि शेवटची ही ब्याऐंशीवी. या अवधीत भारताने खेळलेल्या ६६ कसोटींपैकी ५९ ते खेळले. साडेतेरा वर्षांतील त्यांची ही कारकीर्द सामन्यांच्या संख्येने आजच्या काळात त्याच्या निम्म्या वर्षांत मावेल. कारकिर्दीच्या विक्रमांची तुलना करताना ही गोष्ट दृष्टीआड होऊन चालणार नाही.

विजय, नामुष्की आणि द्विशतक

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. १९३२ पासूनच्या प्रतीक्षेनंतर, पंचविसाव्या कसोटीत मिळालेला हा भारताचा पहिला विजय होय. कर्णधार विजय हजारे होते. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय यांनी शतक केले आणि खालच्या क्रमांकावर येऊन उम्रीगर यांनी नाबाद १३० धावांची खेळी केली. हे त्यांचे पहिले कसोटी शतक. सांगलीचा कर्णधार आणि सोलापुरात वाढलेला शतकवीर या सामन्यात एकत्र होते, याची नोंद दक्षिण महाराष्ट्राच्या इतिहासात असावयास हवी.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी याच फलंदाजाची इंग्लंडमध्ये दैना झाली. १९५२ च्या दौऱ्यात लीड्स येथे भारताचे दुसऱ्या डावातील पहिले चार गडी धावफलकावर शून्य असताना बाद झाले. मँचेस्टरला संघ ५८ धावांत कोसळला. फ्रेड ट्रूमन यांनी ३१ धावांत ८ बळी घेतले. चार कसोटींतील सात डावांत उम्रीगर यांच्या धावा होत्या ४३. गंमत म्हणजे याच दौऱ्यात कसोटीव्यतिरिक्तच्या सामन्यांत त्यांनी द्विशतकांसह धावांची रास घातली होती आणि दौऱ्यातील त्यांच्या धावा दीड हजाराहून अधिक भरल्या. वेगवान गोलंदाजीची भीती त्यांना आयुष्यभर चिकटवली गेली. वस्तुस्थिती अशी की भारतात तेव्हा तशा वेगाचा गोलंदाजच नव्हता. ज्याचा सराव नाही त्याची परीक्षा थेट इंग्लंडच्या ओल्या खेळपट्टीवर झाली.

याच मालिकेत व्यावसायिक क्रिकेटचा एक वेगळा प्रश्न पुढे आला. विनू मंकड त्या उन्हाळ्यात लँकेशायर लीगमध्ये हॅस्लिंग्डन क्लबकडून मानधनावर खेळत होते. भारतीय संघात जागेची हमी मिळाली असती तर तो करार त्यांनी केला नसता; ती हमी मंडळाने दिली नाही. लीड्सच्या नामुष्कीनंतर त्यांना क्लबकडून मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर उतरलेल्या मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि एका डावात ५ बळीही घेतले. एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी, असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय ठरले. पोट भरण्यासाठी परदेशी क्लबकडे नोकरी धरणाऱ्या खेळाडूने देशासाठी केलेला हा विक्रम आहे. मंडळाच्या औदार्याने तो झालेला नाही.

उम्रीगर सावरले. १९५२-५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांनी दोन शतकांसह ५६० धावा केल्या. नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादच्या फतेह मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीतील भारतीय फलंदाजाचे हे पहिले द्विशतक. विजय मांजरेकर यांच्यासमवेत तिसऱ्या गड्यासाठी त्यांची २३८ धावांची भागीदारी झाली. पुढच्याच कसोटीत मुंबईला मंकड यांनी नेमक्या २२३ धावा करून बरोबरी साधली आणि जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला २३१ धावा करून हा विक्रम आपल्या नावावर केला. त्या डावात मंकड आणि पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागी रचली. ती २००८ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून टिकली. २३१ हा आकडा सुनील गावस्कर यांनी डिसेंबर १९८३ मध्ये मद्रासलाच नाबाद २३६ धावा करून ओलांडला. उम्रीगर यांचा सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम अशा रीतीने दोन महिनेही एकट्याचा राहिला नाही. ‘पहिले’ हे विशेषण मात्र कोणी मोडू शकत नाही. विक्रम आणि मैलाचा दगड यांतील भेद तो हाच.

या मालिकेतील दुसऱ्या कसोटीपासून उम्रीगर कर्णधार होते आणि मंकड यांची ती दोन्ही द्विशतके त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. दोन्ही सामने भारताने डावाने जिंकले. एकूण आठ कसोटींत त्यांनी नेतृत्व केले : दोन विजय, दोन पराभव, चार अनिर्णित. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत मद्रास कसोटीच्या तोंडावर अंतिम अकरांतील एका जागेवरून मतभेद झाला. आपल्याला नको असलेला खेळाडू घेऊन संघ नेण्यापेक्षा त्यांनी कर्णधारपद सोडले आणि मंकड यांच्या हाताखाली खेळाडू म्हणून मैदानात उतरले. पाच कसोटींच्या त्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. हाही एक विक्रमच म्हणावयाचा, पण तो कोणी मिरवत नाही.

पोर्ट ऑफ स्पेन, एप्रिल १९६२

डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला विजय मिळवला, तो जसू पटेल यांच्या ६९ धावांत ९ बळींमुळे स्मरणात आहे. दुसऱ्या डावात उम्रीगर यांनी २५ षटकांत केवळ २७ धावा देऊन ४ बळी घेतले होते, हे फारसे सांगितले जात नाही. ते मध्यमगती आणि ऑफस्पिन दोन्ही टाकत. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध त्यांनी तीन शतके केली आणि पुढील हंगामात इंग्लंडविरुद्ध कानपूरला नाबाद १४७.

१९६२ च्या आरंभी भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला. बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि त्यांच्या प्राणावर बेतले. एकवीस वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी यांच्यावर नेतृत्व येऊन पडले. मालिका हातची गेली होती. अशा स्थितीत पोर्ट ऑफ स्पेन येथील चौथ्या कसोटीत वेस्ट इंडिजने ९ बाद ४४४ वर डाव घोषित केला. त्यात उम्रीगर यांनी १०७ धावांत ५ बळी घेतले. भारताचा पहिला डाव १९७ धावांत संपला, उम्रीगर ५६. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात भारताने ४२२ धावा केल्या. उम्रीगर नाबाद १७२. वेस हॉल यांच्या वेगापुढे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सुमारे चार तासांत केलेली ही खेळी आहे. दहा वर्षांपूर्वी ट्रूमनच्या वेगाला घाबरणारा म्हणून ज्याची टिंगल झाली, तोच हा फलंदाज! भारत सात गडी राखून पराभूत झाला.

मंकड यांच्यानंतर एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी घेणारे उम्रीगर हे दुसरे भारतीय. मंकड यांचाही सामना भारत हरला होता, उम्रीगर यांचाही हरला. या यादीत तिसरे नाव येण्यास नोव्हेंबर २०११ उजाडावे लागले. मुंबईला वेस्ट इंडिजविरुद्ध रविचंद्रन अश्विन यांनी ते साधले. २०२२ मध्ये मोहालीला रवींद्र जडेजा यांनी नाबाद १७५ धावा आणि पाच बळी, अशी कामगिरी केली. जवळपास पन्नास वर्षे हा पराक्रम एकाही भारतीयाला जमला नाही. १७२ या आकड्यापेक्षा ही पन्नास वर्षांची पोकळी उम्रीगर यांच्या योग्यतेची अधिक साक्ष देते.

त्यापुढील किंग्स्टन कसोटी ही त्यांची शेवटची. निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक कसोटी सामने (५९), सर्वाधिक धावा (३६३१) आणि सर्वाधिक शतके (१२) हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. ते सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले. प्रथम श्रेणीत त्यांच्या सोळा हजारांहून अधिक धावा आणि ४९ शतके आहेत. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे संघव्यवस्थापक, १९७८ ते १९८२ या काळात राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष, मुंबईच्या संघटनेचे पदाधिकारी आणि वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीचे जाणकार अशी नाना कामे त्यांनी केली. गावस्कर यांनी त्यांचे विक्रम मोडले, त्या सुमारास निवड समितीची सूत्रे उम्रीगर यांच्याच हाती होती. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय भारतीय क्रिकेटपटूला दिला जाणारा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा पुरस्कार त्यांच्या नावाने २००६-०७ पासून दिला जातो. पहिले मानकरी सचिन तेंडुलकर होते. निंबाळकर यांना मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात ते निवर्तले.

जन्मस्थळाचा प्रश्न

जुन्या क्रीडा-संदर्भग्रंथांत उम्रीगर यांचे जन्मस्थळ मुंबई असे दिले आहे. अलीकडच्या नोंदींत सोलापूर येते. हा फरक क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या शास्त्रात २२३ आणि २३१ यांतील आठ धावांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे ठेवला जातो, त्याच शास्त्रात खेळाडूचे गाव इतक्या सैलपणे नोंदले जावे, हे विचार करण्याजोगे आहे. ज्या शहरात खेळाडू नावारूपाला आला, ते शहर त्याच्या जन्माचीही नोंद आपल्याकडे ओढून घेते. निंबाळकरांचे कोल्हापूर आणि हजारे यांची सांगली त्यांच्या नावाशी जोडलेली राहिली. सोलापूरला उम्रीगर यांच्याविषयी तेवढे सांगता आलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये येथील इंदिरा गांधी स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यात रणजी सामना झाला. पार्क स्टेडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मैदानाची आठवण प्रथम श्रेणी क्रिकेटला बऱ्याच वर्षांनी झाली होती.

या बाबतीत करण्याजोगे काम स्थानिक आहे आणि ते फार खर्चाचे नाही. नगरपालिकेच्या जन्मनोंदी, १९३० च्या दशकातील शाळांची प्रवेश रजिस्टरे, कापड व्यापाऱ्यांच्या पेढ्यांची कागदपत्रे आणि त्या काळातील सोलापूरच्या वृत्तपत्रांच्या फायली, एवढी साधने तपासली तरी उम्रीगर कुटुंब येथे कोठे राहत होते, केव्हा गेले आणि पॉलीने हातात पहिली बॅट कोणत्या मैदानावर धरली, याचा छडा लागू शकेल. इतिहास विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय घेता येईल. शाळांची जुनी रजिस्टरे दरवर्षी जीर्ण होत असल्याने त्यांच्यापासून आरंभ करणे इष्ट होय.